दाराजवळची रांग

मयूर विहार, फेज १
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

नमस्कार. मामीला थोडा जास्त, कारण चिवडा तिनं पाठवला होता.

फोनवर घसा फोडण्यापेक्षा पत्र लिहीत जा, असं तुम्हीच बजावलंत, म्हणून लिहायला बसले. कारखान्यातल्या प्रेसशॉपच्या खडखडाटानं तुमचे कान नेले आणि माझं अक्षर सुधारलं, असं म्हणायचं. माझी फ्लॅटमेट इशिता हसते. म्हणते, गाझियाबादच्या मामाला स्पीड पोस्ट करणारी तू दिल्लीतली शेवटची मुलगी असशील, यार.

आता बातमी. चौदा महिने ज्याच्या मागे लागले होते ते जमलं! मागे तुम्ही विचारलं होतंत की खुर्चीत बसून पोलाद कसं कळतं. सांगते. गाडीखालचा स्प्रिंगचा पाटा भट्टीत तापतो तेव्हा उष्णता आत कशी शिरते आणि त्यानं पोलादाची आतली घडण कशी बदलते, हे मी भौतिकशास्त्राची समीकरणं घालून कॉम्प्युटरवर मांडते. मग खरे पाटे मशीनवर मोडेपर्यंत वाकवतात, आणि माझं गणित खरं की खोटं हे संख्याशास्त्र लावून तपासायचं. पाटे कुठले, तर तुमच्याच कारखान्याचे! तुमच्या हाताखालच्या शंकरजींनीच पाठवले. नव्या पद्धतीत पाटा भट्टीत चाळीस मिनिटं कमी ठेवायचा. गॅस वाचतो, दिवसाला दोन खेपा जास्त निघतात. विक्रीचा माल अजून जुन्याच पद्धतीचा आहे, हे पाटे फक्त चाचणीसाठी काढले होते.

अठ्ठेचाळीस पाटे मोडले. माझं गणित म्हणत होतं, दोन लाख दहा हजार वेळा वाकल्यावर मोडतील. सगळेच्या सगळे एक लाख नव्वद हजार आणि दोन लाख तीस हजारांच्या मध्ये मोडले. आमच्या लॅबचे प्रमुख सुधन्वा सर म्हणाले, “बिल्कुल पुस्तकातल्यासारखं.” ३१ जानेवारीला अहवालावर मी सही करायची, एप्रिलपासून कारखाना नव्या पद्धतीनं चालणार, आणि माझी कंत्राटी नोकरी कायम होणार. हे पाटे शाळांच्या व्हॅनखाली बसतात, म्हणून त्यांना आमची सही हवी आहे.

खरं सांगू? आकडे एकमेकांना इतके चिकटून आहेत की थोडी भीती वाटते. पोलाद एवढं शहाण्यासारखं वागत नाही. सर म्हणतात, चांगलं झालं की घाबरायचं ही आपली मध्यमवर्गीय खोड आहे. असेलही.

तुमची
अवनी


गाझियाबाद
१८ नोव्हेंबर २०२५

चि. अवनीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. दोनदा मी, एकदा मोठ्यानं तुझ्या प्रभामामीनं, तेही मला ऐकू येत नाही हे ठाऊक असून. मयूर विहारहून गाझियाबादला पत्र यायला तीन दिवस लागले. तू आनंद विहारला मेट्रो बदलून तासाभरात आली असतीस आणि गरम थालीपीठ मिळालं असतं, पण शास्त्रज्ञांना कोण सांगणार.

घाबरतेस कशाला? आकडे चिकटून आहेत ते उगाच नाहीत, त्यामागे तुझ्या मामाची अक्कल आहे. लॅबला माल पाठवायची आमची रीत मी घालून दिलेली. १९८६ साली लॅबनं आमचे दोन नमुने नापास केले आणि आमच्या फोरमनला घरी बसवलं. सरळ माणूस होता बिचारा, हाताला येईल तो पाटा पोत्यात घालायचा. मी त्याच्या जागी आलो आणि पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलं, पाहुण्याच्या पानात करपलेली पोळी वाढत नाहीत. ट्रेच्या मधल्या रांगांतलेच पाटे घ्यायचे, प्रत्येकाला हातोडीनं टिचकी मारायची, खणखणीत वाजला तर पाठवायचा, नाहीतर परत रांगेत. तेव्हापासून मी निवृत्त होईपर्यंत आमचा एक नमुना नापास झाला नाही. निरोपसमारंभात साहेबांनी हे वाक्य माइकवरून वाचलं होतं, तू सहावी-सातवीत असशील.

शंकर माझ्या हाताखाली तयार झाला. त्यात तू माझी भाची. त्यानं तुला एकाहून एक सरस माल दिला असणार. शितावरून भाताची परीक्षा होते ना, मग शीत चांगलंच असायला हवं.

नोकरी कायम झाली की पेढे घेऊन ये. प्रभा म्हणते, पेढे नकोत, पोरगी दिसू दे.

तुझा
विश्वनाथमामा


मयूर विहार
९ डिसेंबर २०२५

प्रिय मामा,

उत्तराला तीन आठवडे लागले, माफ करा. आधी कामाचा गोंधळ होता, मग हवेनं घसा धरला. आता बरी आहे. मास्क लावते, मामीला सांगा.

तुमच्या जुन्या दिवसांबद्दल वाचायला मजा आली. सहज विचारते, ट्रेमध्ये रांगा किती असायच्या? मधल्या म्हणजे नेमक्या कुठल्या? कडेच्या रांगांचं काय व्हायचं? भट्टी तीच आहे ना अजून? आणि पाटे आत किती वेळ ठेवायचे हे पहिल्यांदा कुणी ठरवलं? सवड असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

तुमची
अवनी


गाझियाबाद
१४ डिसेंबर २०२५

चि. अवनीस आशीर्वाद.

सवड? निवृत्त माणसाला सवडीशिवाय दुसरं काय असतं! पोरी, गेल्या अकरा वर्षांत मला कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते. शार्दूल बेंगळुरूहून महिन्याला फोन करतो, त्यात मामीला “बाबांचं बीपी?” एवढंच विचारतो. मुलगा चांगला आहे, पण भट्टीत त्याला रस नाही. तुझं पत्र आल्यापासून मी वहीत चित्रं काढतोय. एक सोबत जोडलं आहे, हसू नकोस.

ट्रेमध्ये आठ रांगा. पहिली दाराजवळची, आठवी मागच्या भिंतीकडची. भट्टी तीच आहे, विटा बदलल्या असतील. दार उघडलं की थंडी पहिल्या रांगेला आधी खाते, दुसरीला थोडी कमी. मधल्या म्हणजे तिसरी ते सहावी. तिथला पाटा म्हणजे तुपात तळलेला.

वेळ कुणी ठरवली म्हणून विचारतेस, तर ती मी ठरवली. पूर्वी कमी ठेवायचे. दाराजवळच्या रांगेतले पाटे कच्चे राहून गिऱ्हाइकाकडे मोडायचे. मी महिनाभर वेगवेगळ्या वेळा ठेवून पाहिल्या आणि साहेबांना सांगितलं, चाळीस मिनिटं वाढवा. मधल्यांना त्याची गरज नाही, ती चाळीस मिनिटं दाराजवळच्यांसाठी आहेत. साहेब गॅससाठी कुरकुरले, पण त्यानंतर तक्रार आली नाही.

बघ, तुझ्यासारखी समीकरणं नव्हती, नुसते डोळे होते. हे सगळं तू तुझ्या पुस्तकात घालणार आहेस की काय? घातलंस तर प्रभाला एक प्रत दे. ती म्हणते, पत्र आल्यापासून मी माणसात आलोय.

तुझा
विश्वनाथमामा


मयूर विहार
२० डिसेंबर २०२५

प्रिय मामा,

हे पत्र चारदा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

मागच्या पत्रात मी “सहज” लिहिलं, ते खोटं होतं. तुमचं १८ नोव्हेंबरचं पत्र वाचलं त्या दिवसापासून मला झोप नाही. माझे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पाटे मधल्या रांगांतले होते. त्यांना नव्या पद्धतीनं काहीच फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता. आता तुम्हीच लिहिलंत की कमी केलेली चाळीस मिनिटं दाराजवळच्यांसाठी होती. मामा, त्या रांगेतला एकही पाटा मी कधी पाहिलेला नाही. अहवालात मात्र “कारखान्याचा माल” असं लिहायला निघाले होते.

मी गप्प बसले नव्हते. प्रश्नांचं पत्र तुम्हाला टाकलं, त्याच आठवड्यात सरांना सांगून शंकरजींकडे नवे पाटे मागितले. प्रत्येक रांगेतले तीन, चिठ्ठ्या टाकून, जो निघेल तो. पाटे आले. सगळे खणखणीत! फोन केला तर म्हणाले, “दीदी, आप तो मामाजी की भांजी हैं, आपको ऐसा-वैसा माल थोड़े ही भेजेंगे! चुन-चुन के भेजा है.” मी पुन्हा समजावलं. त्यांना वाटलं माझा त्यांच्यावर विश्वास नाही, आणि ते रुसले. मला कुणी वाईट पाटा द्यायलाच तयार नाही.

सर म्हणतात, अहवालात एक तळटीप टाकू आणि पुढे जाऊ. तळटीप कोण वाचतं? व्हॅनखालचा पाटा वाचत नाही. पण सही केली नाही तर एप्रिलनंतर माझी खुर्ची राहील की नाही सांगता येत नाही, हेही खरं. मी घाबरले आहे, मामा.

तुम्हाला फसवून विचारलं, त्याचं मला फार वाईट वाटतंय. रीत चुकीची होती असं तोंडावर कसं म्हणायचं, हे कळत नव्हतं.

तुमची
अवनी


गाझियाबाद
२ जानेवारी २०२६

अवनी,

पत्र मिळालं.

मला वाटलं भाची मामाला विचारतेय. मी उत्साहात चित्रं काढत बसलो आणि तू साक्षीदाराची जबानी घेत होतीस. सरळ विचारलं असतंस तर नसतं का सांगितलं?

तू जन्मायच्या आधीपासून मी त्या भट्टीपुढे उभा होतो. माझ्या हातून खराब माल बाहेर गेला नाही. लॅबला चांगला माल दिला यात मी कुणाचा गळा कापला? वेळ कमी करायची अक्कल तुमच्या कॉम्प्युटरनं काढली, मी नाही. शंकरला मी काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा.

मामीची तब्येत ठीक आहे.

विश्वनाथ टेंबे


गाझियाबाद
८ जानेवारी

चि. अवनी,

हे मी यांच्या नकळत लिहितेय, म्हणून वहीचा कागद.

तुझं पत्र मी वाचलं, आधी सांगून टाकते. मामांचं नीट जेवण नाही. टीव्ही लावतात आणि आवाज बंद ठेवतात. परवा वरण-भाताला बसले आणि एकदम म्हणाले, “भात शिजला का हे तू कसं बघतेस?” कानाशी मोठ्यानं म्हटलं, कडेचं शीत दाबून. मधलं तर शिजलेलंच असतं, त्याला काय बघायचं? ताटावरून उठले. मला वाटलं मीठ जास्त झालं.

आज सकाळी एवढं दाट धुकं, समोरची सोसायटी दिसत नव्हती, आणि हे स्वेटरवर कोट चढवून निघाले. कुठे म्हटलं तर “कारखान्यात.” निवृत्त झाल्यापासून त्या दिशेला गेले नव्हते. माझा पोळ्यांचा रिकामा डबा घेऊन गेलेत, कशाला ते देव जाणे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. रागावले की ते पूर्ण नाव लिहितात. लग्नाआधी मलाही एकदा तशी सही आली होती. मी लग्न केलंच ना.

तुझी
मामी


गाझियाबाद
११ जानेवारी २०२६

चि. अवनीस आशीर्वाद.

गेटवर नव्या वॉचमननं अर्धा तास थांबवलं. शंकर धावत आला, पायांना हात लावला, चहा मागवला. मी म्हटलं, चहा नंतर, आधी सगळ्यांना भट्टीजवळ बोलाव.

पंधरा-सोळा जण जमले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्यानं बोललो कोण जाणे. म्हटलं, “सुनो भाई, लॅब को चुनकर माल भेजना मैंने सिखाया था. ग़लत सिखाया था.” शंकर काहीतरी बोलायला लागला. मी म्हटलं, कागदावर लिही. त्यानं लिहिलं, “मामाजी, आपने तो हमारी नौकरियाँ बचाईं.” तेही खोटं नाही. १९८६ साली सगळे घाबरले होते आणि मीही घाबरलो होतो. परीक्षेला पाठवायचा पाटा आणि गाडीखाली जायचा पाटा एकच असायला हवा, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. दाराजवळच्या रांगेची मला काळजी होती म्हणून वेळ वाढवून घेतली, आणि तीच रांग लॅबपासून मी लपवली. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या, याचं मला आता नवल वाटतं.

नव्या वेळेची एक खेप काढायला लावली. प्रत्येक रांगेतल्या पाट्यांवर खडूनं नंबर घातले. प्रभाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि सगळ्यात नव्या हेल्परला डोळे मिटून काढायला लावल्या. पहिल्या रांगेतला एक पाटा निघाला, शंकरनं टिचकी मारली आणि त्याचा चेहरा पडला. त्याचा हात आपोआप तो पाटा परत ठेवायला गेला. मी मनगट धरलं. म्हटलं, जाऊ दे, यही तो भेजना है. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असेल, धूर होता.

चोवीस पाटे काल निघाले. वाईट माल मागणारी तू पहिलीच आणि देणारा मीही पहिलाच.

मागचं पत्र फाडून टाक.

तुझा
विश्वनाथमामा


मयूर विहार
२७ जानेवारी २०२६

प्रिय मामा,

पत्र फाडलेलं नाही, फाडणारही नाही. तुमच्या पूर्ण नावाची सही मलाही आली, एवढं तरी राहू दे.

मशीन रात्रंदिवस चालवलं. मधल्या रांगांतले सगळे दोन लाखांच्या आसपास मोडले, गणिताप्रमाणे. सातवी-आठवीतले थोडे आधी. दुसरीतले एक लाख वीस हजारांच्या आतबाहेर. पहिल्या रांगेतले तीन: एकसष्ट हजार, चव्वेचाळीस हजार, अडतीस हजार. अडतीस हजाराला मोडला तेव्हा मी मशीनसमोरच उभी होते. आवाज फार मोठा नव्हता. मी तिथल्या स्टुलावर बसून रडले. व्हॅनमधली मुलं डोळ्यांसमोर येत होती, आणि माझी सही.

सरांना तिन्ही मोडलेले पाटे टेबलावर नेऊन दिले. त्यांनी एकेक उचलून पाहिला. मग म्हणाले, “अवनी, तळटीप मी सुचवली होती. ते विसर.” त्यांनी स्वतः कारखान्याला कळवलं. एप्रिलपासूनची नवी पद्धत थांबली. माझी नोकरी कायम झालेली नाही, सहा महिने वाढवून मिळाले आहेत. विषय नवा आहे: दाराजवळची रांग कशी सांभाळायची. सरांनी विचारलं, भट्टी ओळखणारं कुणी आहे का. मी नाव सांगितलं. बोलावणं येईल, कोट इस्त्री करून ठेवा.

अहवालाचं शेवटचं पान राहिलंय. जुने नमुने का चुकले, ते लिहायचंय. मी “कारखान्यातील जुन्या प्रथेनुसार” एवढंच घातलंय. पुरेसं आहे ना?

तुमची
अवनी


गाझियाबाद
३१ जानेवारी २०२६

चि. अवनीस आशीर्वाद.

पुरेसं नाही.

प्रथा म्हटलं की जबाबदार कोणीच नाही. उद्या दुसऱ्या कारखान्यातला माणूस हे वाचेल आणि म्हणेल, असतील तिथले लोक तसे. त्याला कळायला हवं की ही रीत एका शहाण्या, प्रामाणिक, कामात चोख माणसानं घातली. वाईट माणसाची चूक लोक लगेच पकडतात, चांगल्याची चाळीस वर्षं चालते.

तेव्हा माझं नाव लिही. पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट. निरोपसमारंभात माइकवरून वाचलं होतं तेव्हा मी खाली बसून खुशीत ऐकलं होतं. तेव्हा कान थोडे शाबूत होते. आता हेही माझ्या नावावर असू दे. प्रभाला विचारलं, ती म्हणाली लिहू दे.

तुला वाटेल मामा रागानं लिहितोय. रागानं नाही. मला लाज वाटली, दोन-चार दिवस फार वाटली, आणि आता हलकं वाटतंय.

तुझा
विश्वनाथमामा


मयूर विहार
६ फेब्रुवारी २०२६

प्रिय मामा,

अहवाल काल गेला, तारखेपेक्षा पाच दिवस उशिरा. सही केली. तुमचं म्हणणं मानलं. शेवटच्या पानावरची ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवते:

“चाचणीसाठी फक्त मधल्या रांगांतील पाटे निवडण्याची पद्धत श्री. विश्वनाथ रघुनाथ टेंबे यांनी १९८६ साली सुरू केली. ती चुकीची असल्याचं त्यांनीच कारखान्यात सर्व कामगारांसमोर सांगितलं, आणि या अहवालातील खरे नमुने त्यांनी चिठ्ठ्या टाकून काढून घेतले.”

दुसरं वाक्य घालायला तुम्ही सांगितलं नव्हतं, मामा. पण पहिलंच तेवढं लिहिलं असतं, तर मीही तुमचा एकाच रांगेतला पाटा निवडून पाठवला असता.

तुमची
अवनी